मावशींच्या टोपलीतलं लहान पापलेट

ताईंस नमस्कार,

आम्ही ठाण्यात राहतो. घरात सहा माणसं. सासर मालवणकडचं, त्यामुळे बुधवार, शुक्रवार, रविवार मासे ठरलेले. गेली सतरा वर्षं एकच कोळीण मावशी आमच्या दारावर येतात. माझ्या बाळंतपणात दूध यावं म्हणून त्यांनीच आठवणीने मोरी मासळी आणून दिली होती. ती बाळ आता कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकते. गेल्या महिन्यात मावशींनी सहा लहान पापलेटं आणली, माणशी एक. स्वस्तात दिली. मी मसाला लावून तळली आणि लेकीने पान सारलं. म्हणाली, "आई, ही पिल्लं आहेत." आता ती म्हणते, मावशींकडून घेणं बंद कर, अ‍ॅपवर 'शाश्वत' लिहिलेले मासे मिळतात ते मागवू, नाहीतर घरात मासेच नकोत. सासूबाई म्हणतात, आमच्या सात पिढ्या मासे खाऊन जगल्या, समुद्र कधी आटला नाही. मावशींना मी कोणत्या तोंडाने नको म्हणू? कोणता मासा घ्यावा आणि कोणता नाही, हे कुणी नीट सांगतच नाही. आणि आम्ही सहा माणसं काय खातो, याने समुद्राला काही फरक पडतो का?

— एक सून, ठाणे

---

तुमची लेक माशाबद्दल बरोबर आहे आणि मावशींबद्दल चुकते आहे, असं माझं मत. आधी उत्तर देते, कारणं मागाहून सांगते. मासे बंद करू नका. मावशींना तोडू नका. ते लहान पापलेट मात्र पुन्हा घरात आणू नका, कुणी फुकट दिलं तरी.

पापलेटाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरातला वाद त्याच्यावरून पेटला आहे आणि खरं दुखणंही तिथेच आहे. २०२३ साली महाराष्ट्राने चंदेरी पापलेटाला राज्यमासा म्हणून मान दिला. ही मागणी होती पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांची. सातपाटी म्हणजे पापलेटाचं गाव. ज्यांचं पोटच पापलेटावर, तीच माणसं कित्येक वर्षं सांगत आली आहेत की मासा कमी झाला, पिल्लांची मासेमारी आवरा. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायला मनाई. चंदेरी पापलेटासाठी हा आकार १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. बोंबलासाठी १८० मिलिमीटर, सुरमईसाठी ३७०.

असा आकार ठरवण्यामागचं कारण तुमच्या लेकीने तुम्हाला सांगितलं असेलच. माशाने आयुष्यात एकदा तरी अंडी घातलेली असावीत, मग तो आपल्या कालवणात यावा. पापलेटाची एक मोठी मादी हजारो अंडी घालते. तुमच्या तव्यावरच्या त्या सहांनी एकही घातलं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला फार उशिरा उमगली. लहान पापलेटाला गिऱ्हाईक कोण? गरीब माणूस नाही. त्याच्या आवाक्यात पापलेट मुळातच नाही. गिऱ्हाईक आहोत तुम्ही-आम्ही, आणि हॉटेलं. थाळीत माणशी एक अख्खं पापलेट वाढायचं, ताटात मावलं पाहिजे, शेपटीसकट दिसलं पाहिजे, आणि थाळीचा दरही परवडला पाहिजे. या हट्टातून ताटाच्या मापाचं पापलेट जन्माला आलं. घरातही तेच. सहा माणसं, सहा पापलेटं, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला मी बारा वर्षं असंच करत होते. मित्र जेवायला यायचे, प्रत्येकाच्या पानात एक अख्खं. त्यातलं एकही वीतभर नसायचं. ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

मोठं पापलेट आणून त्याच्या तुकड्या करा. दोन मोठ्या पापलेटांत सहा माणसांचं नीट होतं. डोकं आणि शेपटी आमटीत घाला, ती चव अख्ख्या तळलेल्या पिल्लाला कधीच येत नाही. महाग पडतं, हे खरं. म्हणून महिन्यात चारदा न आणता एकदा आणा. आमच्या लहानपणी पापलेट हा सणावाराचाच मासा होता. माझं माहेर हर्णै बंदराजवळचं. दर्यातून होड्या आल्या की किनाऱ्यावर लिलाव चालायचा, आणि आई मोठ्या पापलेटांच्या ढिगापाशी नुसतं बघायला थांबायची. घ्यायची ती बांगडे, मांदेली, नाहीतर बोंबील.

आणि इथेच तुमच्या "कोणता घ्यावा" या प्रश्नाचं उत्तर आहे. लहान मासा वेगळा आणि माशाचं पिल्लू वेगळं. ही एक गोष्ट घरात सगळ्यांना पटली तरी अर्धा वाद मिटेल. मांदेली लहान दिसते कारण ती तेवढीच असते, पूर्ण वाढलेली. जवळा तर बोटाच्या पेराएवढा, पण तो त्याचा म्हाताराच. तारली, म्हणजे तुमच्या मालवणकडचे पेडवे, आणि बांगडा हे लवकर वाढतात, लवकर वीण करतात, थव्याने राहतात. असे मासे माफक खाल्ले तर समुद्र ते भरून काढू शकतो. पापलेट, सुरमई, घोळ, रावस, हलवा हे मोठे होणारे मासे. ते लहान दिसले की समजायचं, हे पोर आहे.

सुरमईच्या बाबतीत फसगत जास्त होते. मोठ्या सुरमईची तुकडी आणि छोट्या सुरमईची तुकडी तळल्यावर चवीला जवळजवळ सारखीच लागते, म्हणून लोक हातभर लांबीची, एका जेवणात संपणारी सुरमई हौसेने घेतात. तिचा काटा मऊ असतो, मुलांना बरी पडते, अशी कारणं मी खूप ऐकली आहेत. पण सुरमई पुष्कळ मोठी होते. सरकारने ठरवलेलं माप ही शेवटची पायरी आहे, तिच्या खाली कुणी उतरायचंच नाही. आपण तिच्या दोन पायऱ्या वर उभं राहायला काय हरकत आहे? मोठी सुरमई शेजारच्या दोन घरांनी मिळून घ्यावी. आमच्या सोसायटीत आम्ही तिघीजणी तसं करतो. मावशींनाही ते सोयीचं पडतं, एकाच घरी अख्खी सुरमई खपते.

माप लक्षात ठेवायला पट्टी लागत नाही. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणला की एक वीत, बायकांची साधारण अठरा-वीस सेंटिमीटर. बोंबील वीतभर हवा. सुरमई दोन वितींच्या आत असेल तर हातच लावू नका. पापलेटासाठी कायदा पाऊण वितीपाशी थांबतो, मी मात्र वीतभराच्या आतलं घेत नाही. टोपलीपाशी बसून माशाशेजारी हात ताणून धरायचा. पहिल्यांदा मी तसं केलं तेव्हा आमच्या मासेवालीने विचारलं, "काय गं, शिवायला घेतेस काय त्याला?" आता तीच आधी स्वतःचा हात लावून दाखवते.

यापुढचा भाग सासूबाईंना वाचून दाखवा, कारण त्यांच्या सात पिढ्यांचं म्हणणं मला खोडायचं नाही. त्या पिढ्या मासे खाऊन जगल्या आणि समुद्र आटला नाही, हे अगदी खरं. पण त्या पिढ्या आषाढ-श्रावणात ताजा मासा खात नव्हत्या. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावरच होडी पाण्यात जायची. कारण वादळाचं होतं, विणीचंही होतं. आज तोच नियम कायद्यात आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते. पारंपरिक, यंत्र नसलेल्या होड्यांना सूट आहे, त्यामुळे किनाऱ्याजवळची, खाडीतली थोडी मासळी तेव्हाही येते.

मग जुलैत बाजार माशांनी भरलेला कसा असतो? पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. ती उठली की आंध्र, तमिळनाडूकडची मासळी बर्फात घालून इकडे येते. शिवाय शीतगृहातला आधीचा माल असतो. म्हणजे जुलैत पापलेट दिसलं तर ते चोरीचंच असेल असं नाही. पण "ताजं, आजचं, इथलं" असं कुणी म्हणालं तर जरूर विचारा, कुठल्या बंदरातलं? उत्तर आलं नाही तर घेऊ नका. मी स्वतः ते दोन महिने ताजा समुद्री मासा आणतच नाही. सुके बोंबील, सोडे, सुकट, अंबाडी सुकट याच महिन्यांसाठी तर आपल्या घरात आले. मे महिन्यात चांगले सुके बोंबील घेऊन ठेवा, मावशींकडूनच घ्या. बंदीच्या दिवसांत कोळणींच्या घरी रोकड नसते. आगाऊ घेतलेल्या सुक्या मासळीचे पैसे त्यांना तेव्हा उपयोगी पडतात. पावसात सोड्यांची खिचडी झाली की तुमच्या घरी कुणाला पापलेट आठवणार नाही, असं मला वाटतं.

जाता जाता गावाकडच्या एका सवयीबद्दल बोलते. पहिला पाऊस पडला की ओढ्या-वहाळांतून मासे उलटे वर चढतात. चढणीचे मासे. तुमच्या सासरी ते कौतुकाने पकडत असतील, आमच्याकडेही पकडायचे. रात्री बत्ती घेऊन सगळा गाव वहाळावर. त्या आठवणी गोड आहेत, पण ते मासे वर चढतात तेच मुळी अंडी घालायला, आणि त्यांच्या पोटातली गाभोळी खाण्यासाठीच आपण ते धरतो. पूर्वी गावात पंचवीस घरं होती आणि वहाळात माणूस हाताने धरेल तेवढंच. आता त्याच वहाळात जाळी आडवी बांधतात, काही ठिकाणी पाण्यात विषारी पावडर टाकतात. गावाहून कुणी चढणीचे मासे आणून दिले तर त्यांच्यावर रागावू नका. पुढच्या वर्षी नको, एवढं मात्र सांगा.

आता मोरी. हा विषय तुमच्या घरी नाजूक आहे हे मला कळतं. बाळंतिणीला मोरी घालणं हे आपल्या किनाऱ्यावरचं मायेचं रूप आहे, आणि मावशींनी ती आणली ती मायेनेच. पण मोरी, मुशी म्हणजे शार्क. हा मासा सावकाश वाढतो, उशिरा वयात येतो. बऱ्याच मोऱ्या अंडी न घालता थेट पिल्लंच जन्माला घालतात, तीही मोजकी. बांगड्याचा थवा लवकर पुन्हा उभा राहू शकतो, मोरीचा नाही. काही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, आणि कातडं काढलेल्या तुकड्यांवरून ती कोणती हे तुम्हाला-मला ओळखता येत नाही. म्हणून मी मोरी सोडली. मालवणी मसाल्यातलं मोरीचं मटण सोडताना जीव जड झाला, खोटं कशाला सांगू. सासूबाईंवर एकदम बंदी घालू नका. वर्षातून एकदा त्यांनी मागितलं तर वाद न घालता मोरीऐवजी जाड तुकड्यांचा जिताडा त्याच मसाल्यात करून बघा. पेण-अलिबागकडे शेततळ्यांत आणि खाजणाच्या पाण्यात जिताडा वाढवतात. रायगडात तो पाहुण्यांसाठी राखलेला मासा आहे.

जाळ्यांचं काय, हे तुमची लेक विचारेल. मासा बघून जाळं ओळखता येत नाही, ही अडचण आहेच. तरी थोडं माहीत असावं. पर्ससीन जाळं थव्याला गोल वेढतं आणि खालून पिशवीसारखं आवळतं, अख्खा थवा एका खेपेत वर येतो. आपल्या राज्यात या मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ साली या मासेमारीवर महिन्यांचं आणि क्षेत्राचं बंधन आलं. रात्री समुद्रात प्रखर एलईडी दिवे सोडून मासे गोळा करायचे, ही पद्धत तर केंद्र सरकारने २०१७ साली बंदच केली. प्रकाशाकडे लहान-मोठं सगळंच धावत येतं. ती अजूनही चोरून चालते आणि तिच्याविरुद्ध सगळ्यांत मोठ्याने ओरडतात ते लहान होड्यांवाले मच्छीमारच. दुसऱ्या टोकाला गळाने धरलेले मासे, किनाऱ्यावरून माणसांनी ओढलेली रापण, भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेलं डोल जाळं. डोलही निर्दोष नाही, त्यातही पिल्लं अडकतात, विशेषतः आस, म्हणजे जाळ्याचं छिद्र, बारीक असली तर. मावशींना विचारा, हा मासा कुठल्या होडीचा? त्यांना रोज सगळं माहीत असेल असं नाही. पण ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर पहाटे उभ्या राहून लिलावात माल घेणाऱ्या बाईला जे कळतं, ते अ‍ॅपच्या गोदामात पाकिटं भरणाऱ्या मुलाला कळत नाही.

म्हणून अ‍ॅपबद्दल माझं मत तुमच्या लेकीला आवडणार नाही. 'शाश्वत' हा शब्द पाकिटावर छापायला कुणाची परवानगी लागत नाही. खरी तपासणी करणाऱ्या संस्था जगात आहेत. त्या मासेमारीची जागा, जाळं, माशांचा साठा सगळं बघून प्रमाणपत्र देतात. भारतात असं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र पहिल्यांदा मिळालं ते २०१४ साली केरळातल्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना. तिथे शिंपल्या काढण्याचे महिने, जाळीची आस, हे ठरवून पाळलं होतं. म्हणजे हे होऊ शकतं. पण पाकिटावर नुसता शब्द असेल तर लेकीला सांगा, त्यांना लिहून विचार: कोणी तपासलं, कधी, कोणत्या बंदराची मासळी? उत्तर नीट आलं तर खुशाल घ्या, मला काही वैर नाही.

बिनकाट्याचा बासा आणि थंडगार सॅमन हेही अ‍ॅपवरच जास्त दिसतात. बासा पुष्कळदा व्हिएतनाममधल्या तळ्यांतून येतो. सॅमन नॉर्वेसारख्या थंड देशांतल्या समुद्री पिंजऱ्यांतून, बहुधा विमानाने. ठाण्यापासून तासाभरावर वसईची खाडी असताना नॉर्वेचा मासा मागवून समुद्र वाचवला असं मला वाटत नाही. कोलंबीतही फसगत आहे. शहरात मिळणारी सारख्या आकाराची, पांढुरकी कोलंबी बहुतेक वनामी असते, तळ्यात वाढवलेली, पुष्कळशी आंध्रातली. तळ्यातली म्हणून ती निष्पाप, असं नाही. तिच्या खाद्यात समुद्रातल्या लहान माशांची पूड असते, आणि त्या पुडीच्या कारखान्यांत तारलीबरोबर मोठ्या माशांची पिल्लंही जातात. वनामी खाऊच नका, असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून दोनदा मात्र नको. त्यापेक्षा रोहू, कटला बरे. ते तळ्यातलं शेवाळ-किडूकमिडूक आणि पेंड-कोंडा यांवर वाढतात. कोकणी जिभेला नदीचा मासा चिखलट लागतो हे मला माहीत आहे. आमसुलाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून बघा.

तिसऱ्या, खुबे, कालवं या शिंपल्यांना मात्र मी मनापासून होकार देते. त्यांना खाद्य घालावं लागत नाही, पाण्यातलं आहे ते गाळून खातात. ओहोटीला खाडीत उतरून त्या गोळा करणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. सिंधुदुर्गात महिलांच्या बचत गटांनी खाडीत कालवांची आणि खेकड्यांची शेती करून पाहिली आहे. गावाला जाल तेव्हा चौकशी करा. फक्त खाडी स्वच्छ आहे ना, एवढं बघा. कारखान्याच्या किंवा गटाराच्या तोंडाशी गोळा केलेल्या शिंपल्या घेऊ नका, कारण पाणी गाळताना त्या घाणही साठवतात.

आता मावशी. तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त त्याच आहेत, आणि मला वाटतं तुमचा खरा प्रश्नही तोच आहे.

मावशींनी लहान पापलेट का आणलं, याचा विचार करा. ते त्यांनी पकडलं नाही. पहाटे तीन-चारला उठून त्या बंदरावर गेल्या, लिलावात जे परवडलं ते उचललं. मोठं पापलेट निर्यातवाला आणि मोठं हॉटेल घेऊन गेलं. तुमच्या घरी सहा माणसं आहेत, पापलेट आवडतं, दर ऐकून तुम्ही कधीतरी तोंड वाकडं केलं असेल, हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी तुमच्यासाठीच ते आणलं. आज त्यांच्याकडून घेणं बंद केलंत तर त्यांना कारणही कळणार नाही. त्यांच्या जागी टेम्पोवाला येईल, त्याच्याकडेही तेच पापलेट असेल, आणि त्याला तुम्ही काही विचारूही शकणार नाही.

म्हणून त्यांना आत बोलवा, पाणी द्या, आणि सरळ सांगा. काय सांगायचं तेही लिहून देते, म्हणजे तोंडाचा प्रश्न सुटेल. "मावशी, तुमच्यावर राग नाही. पण एवढी लहान पापलेटं आम्ही आता खाणार नाही, पोरीला वाईट वाटतं आणि मलाही पटलंय. आणू नका. त्याऐवजी महिन्यातून एकदा दोन मोठी आणा, दर तुम्ही सांगाल तो. बाकी दिवशी बांगडे, मांदेली, पेडवे, बोंबील, तिसऱ्या जे चांगलं असेल ते." पुढचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं, ते गाळू नका: "रविवारी किती घेणार ते मी गुरुवारीच सांगून ठेवीन." कोळणीला हमी हवी असते. टोपली रिकामी होईल ही खात्री असेल तर ती लिलावात निवडून घेऊ शकते. खात्री नसली की स्वस्त आणि लहान माल उचलावा लागतो. आणि महिनाभर तरी भाव करू नका. चांगला मासा आणा म्हणायचं आणि भाव लहान माशाचा द्यायचा, हे दोन्ही एकदम होत नाही.

त्या कदाचित म्हणतील, "आम्ही नाही घेतलं तर दुसरी घेईल." तेव्हा वाद घालू नका. त्यांचं म्हणणं खरं आहे. कायदा मोडला जातो तो बंदरावर. तिथे आस मोजायला, आकार बघायला अधिकारी हवेत, आणि ते काम सरकारचं आहे, मावशींचं नव्हे, तुमच्या लेकीचंही नव्हे. तुमची लेक शिकून त्या खात्यात गेली तर मला फार आनंद होईल. पण मच्छीमार स्वतः काही करत नाहीत, असं तिला वाटू देऊ नका. जाळ्यात कासव किंवा बहिरी, म्हणजे तो प्रचंड ठिपकेदार देवमुशी, अडकला तर जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला आपलं राज्य २०१८पासून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं. फाटलेल्या जाळ्याची किंमत आणि बुडालेला दिवस यांपुढे ती रक्कम फार मोठी नाही. तरी माणसं जाळी कापतात. तिला एकदा सातपाटीला किंवा हर्णैला लिलावाच्या वेळी घेऊन जा. पुस्तकात वाचलेला मासा आणि बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून दिवसभर बसलेली बाई, दोन्ही तिने एकाच ठिकाणी पाहायला हवं.

सहा माणसांनी फरक पडतो का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. तुमच्या एका घराने समुद्राला फरक पडत नाही. मावशींना पडतो. त्यांच्या टोपलीवर तुमच्यासारखी किती घरं असतील, तीस? चाळीस? त्यातल्या दहा घरांनी लहान पापलेट नाकारलं की मावशी ते उचलायचं थांबवतील, कारण उरलेला मासा त्यांना फेकावा लागतो. त्यांच्याशेजारी लिलावात बसणाऱ्या बाईलाही ते दिसतं. मी स्वतः हे एकाच टोपलीपुरतं घडताना पाहिलं आहे. त्याला चार वर्षं लागली आणि आमच्या गल्लीतल्या अकरा घरांना आधी पटवावं लागलं.

तेव्हा येत्या गुरुवारी मावशींना फोन करा. रविवारी त्या आल्या की दार लेकीला उघडू द्या आणि टोपलीपाशी तिलाच बसवा. मासा कसा पारखायचा, कल्ले लाल आहेत का, बोटाने दाबलं तर मांस वर येतं का, हे तिला पुस्तकात मिळणार नाही, मावशींकडेच शिकावं लागेल. वीत कशी धरायची ते ती मावशींना दाखवेल. मांदेली आली असेल तर अर्धा किलो घ्या, रवा लावून कडक तळा, आणि एक ताट मावशींनाही वाढा. सकाळपासून त्यांनी काही खाल्लेलं नसतं.